पाठीवरचे तीन टन

महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजार समितीच्या आवारात दहा चाकी ट्रक उभे दिसतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांची भारमर्यादा वाढवली. तीन आसांच्या या ट्रकची वाहनासह एकूण मर्यादा तेव्हा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले, तर साधारण १८ टन माल हौद्यात बसतो. ५० किलोंच्या पोत्यांत मोजायचे तर ही ३६० पोती झाली. सहा हमालांच्या टोळीने हा ट्रक रिकामा करायचा म्हटले, तर एकेकाच्या वाट्याला ६० पोती येतात, म्हणजे एका माणसाच्या पाठीवरून ३ टन. हा हिशेब एका गाडीचा आहे, आणि हंगामात दिवसाला एकच गाडी लागते असे नाही.

ट्रकने किती वजन वाहायचे, हे त्याच्या नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. काट्यावर वजन जास्त भरले तर दंड होतो. माल चढवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या माणसाने दिवसभरात किती टन उचलायचे, याचा असा आकडा कुठेही लिहिलेला नसतो. त्याची मर्यादा कळते ती पाठ धरल्यावर. मग लोक म्हणतात उसण भरली, चमक निघाली, गादी सरकली, मणक्यात गॅप पडली. बहुतेक वेळा तो माणूस दुखणे अंगावर काढतो, कारण खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली.

वाहतूक व्यवसायातली पाठदुखी ही कामातून होणारी इजा आहे, आणि ती कशी होते, हे शास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. म्हणूनच ती टाळताही येते.

मणक्यांच्या मध्ये काय घडते

आपल्या कण्यातल्या दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच आपण बोलताना गादी म्हणतो. बाहेरून चिवट तंतूंची अनेक थरांची कडी आणि आत पाणीदार, मऊ गाभा अशी तिची रचना असते. प्रौढ माणसाच्या चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिला पोषण मिळते ते शेजारच्या मणक्यांतून झिरपून. त्यामुळे तिची झीज सावकाश भरून निघते आणि मोठी फाट तर पूर्ववत होतच नाही. कडीचे तंतू फाटून आतला गाभा बाहेर डोकावला आणि शेजारच्या मज्जातंतूवर दाबला, की कळ कुल्ल्यातून पायात उतरते. तिलाच आपण सायटिका म्हणतो. अशी बाहेर आलेली चकती हे या दुखण्यामागचे कारण आहे, हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये मांडले.

चकतीवर दाब किती येतो, हे मोजण्याचे काम स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात सुरू केले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म इथल्या संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या चकतीत दाबमापक बसवला आणि रोजच्या हालचाली करताना नोंदी घेतल्या. सैल उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. पाठीतून वाकून २० किलो वजन उचलताना तो २.३ वर गेला, म्हणजे चौपटीहून जास्त. तेच वजन गुडघे वाकवून उचलले तेव्हा १.७ भरला. वजन छातीशी कवटाळून उभे राहिल्यावर मात्र तो १.१ एवढाच होता.

शेवटचा आकडा फार बोलका आहे. वजन तेवढेच, माणूस तोच, पण ओझे अंगाजवळ आले आणि पाठ सरळ झाली की दाब निम्म्याहून कमी. याचे कारण बाजारातल्या तराजूवरून समजते. दांडीची एक बाजू आखूड आणि दुसरी लांब असेल, तर लांब बाजूच्या थोड्या वजनाला आखूड बाजूला बरेच जास्त वजन टाकावे लागते. कमरेचे स्नायू चकतीच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. हातातले ओझे पुढे ५० सेंटिमीटरवर असेल, तर २० किलोंच्या ओझ्यासाठी स्नायूंना सुमारे २०० किलोंचा ताण द्यावा लागतो. त्यात वाकलेल्या धडाचे वजन मिळवा. हा सगळा भार कमरेच्या खालच्या दोन चकत्यांवर येऊन पडतो, आणि गादी सरकते तीही बहुधा तिथेच.

दुसरी गोष्ट दीर्घकाळची आहे. एखादे पोते उचलताना कळ येते, म्हणून त्या पोत्याला दोष दिला जातो. प्रत्यक्षात कडीचे तंतू आणि मणक्यांच्या सपाट कडा आधीच्या हजारो उचलींत थोड्या थोड्या चिरत आलेल्या असतात. म्हणून कित्येकांची पाठ घरी पाण्याची कळशी उचलताना धरते, आणि मालक म्हणतो, हे कामावर झालेच नाही.

साडेनऊ किलोंचा हिशेब

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने उचलीसाठी एक सूत्र तयार केले आहे. तिचे लघुनाव नायोश. १९८१ मध्ये आलेले हे सूत्र १९९१ मध्ये सुधारले गेले. सगळी परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि पकडायला सोपे असताना, त्यात २३ किलोंपासून सुरुवात होते. परिस्थिती जसजशी बिघडेल तसतशी या आकड्याला कात्री लागते.

हमालांच्या कामात पोत्याला उचल देणारे दोघे असतात. ते जमिनीवरचे पोते दोन टोकांनी धरून तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात. ५० किलोंच्या पोत्यात एकेकाचा वाटा २५ किलो. पोते अंगापासून ४० सेंटिमीटरवर आहे, जमिनीवरून उचलायचे आहे आणि उचलताना कंबर ४५ अंशांत पिळली जाते, असे धरू. या तीन गोष्टी सूत्रात घातल्या की २३ किलोंचे साडेनऊ किलो होतात. पोत्याला कान नसतात, उचल जमिनीपासून खांद्यापर्यंत न्यावी लागते आणि मिनिटाला अनेकदा उचलावे लागते, याची वजावट अजून बाकी आहे. हे सूत्र एकट्याने दोन हातांनी करायच्या उचलीसाठी आहे, त्यामुळे टोळीच्या कामाला ते जसेच्या तसे लागू होत नाही. तरी फरकाचा अंदाज पुरेसा येतो. जिथे साडेनऊ किलोही जास्त ठरतील, तिथे आपण २५ किलो उचलायला लावतो, आणि तेही दिवसभर.

ज्याच्या पाठीवर पोते येते, त्याचे काम वेगळ्या प्रकारे जड आहे. त्याला पुढे झुकून, मान खाली घालून चालावे लागते. ट्रकला लावलेली फळी चढावी लागते आणि थप्पीवर पोते टाकताना झटका देऊन बाजूला वळावे लागते. भार, वाक आणि पीळ तिन्ही एकाच क्षणी येतात, आणि कडीचे तंतू फाटायला याहून वाईट क्षण नाही. ऊसतोडीत तर ओल्या वावरात उभ्या असलेल्या ट्रकला शिडी लावून, डोक्यावर उसाची मोळी घेऊन वर चढतात. त्यात पुरुषांबरोबर बायकाही असतात.

यात घाई कुठून येते, तेही पाहायला हवे. मजुरी नगावर किंवा टनावर ठरते. गाडी लवकर सोडली तर दुसरी मिळते. थांबणारा हमाल टोळीला मागे ओढतो, म्हणून तो थांबत नाही. पाठीला विसावा देणे हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण मजुरीच्या या रीतीत तो सगळ्यात महाग पडतो.

स्टिअरिंगमागची पाठ

ट्रकवाहतुकीतली दुसरी पाठ चालकाची. तो बसून असतो, म्हणून त्याचे काम हलके वाटते. १९७५ मध्ये केल्सी आणि हार्डी या संशोधकांचा एक अभ्यास अमेरिकेत प्रसिद्ध झाला. नोकरी म्हणून ट्रक चालवणाऱ्या पुरुषांत कमरेची गादी सरकण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट असल्याचे त्यात आढळले.

या धोक्यामागे कंप आहे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या वरखाली हालचालीला सर्वाधिक साथ देतो. ट्रकचे हादरे नेमके याच पट्ट्याच्या आसपास असतात. सीट जेवढी हलते, त्याहून कणा जास्त हलतो. पाठीचे स्नायू प्रत्येक हादऱ्याला आवळतात, दमतात आणि काही तासांनी उशिरा प्रतिसाद देऊ लागतात. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी शरीराला बसणाऱ्या कंपाची मर्यादाच आखून दिली. ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे आणि १.१५ च्या वर कामगाराला जाऊ द्यायचे नाही.

आपल्याकडे कित्येक ट्रक वर्षानुवर्षे चासी म्हणून विकले गेले आणि केबिन स्थानिक बॉडी बिल्डरकडे बांधली गेली. तिथे सीट म्हणजे अनेकदा लाकडी फळी आणि त्यावर फोम. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. हे चांगले पाऊल आहे. तेवढ्याच निकडीने, चालकाच्या वजनानुसार जुळवता येणारी, हादरे शोषणारी सीट सर्व जड वाहनांत यायला हवी.

चालकाचे काम गाडी थांबल्यावर संपत नाही. तो फाळका पाडतो, ताडपत्री ओढतो, दोरखंड आवळतो, पंक्चर झाले तर शंभर किलोंच्या आसपासचे चाक उतरवतो, आणि हमाल कमी असतील तर मालालाही हात लावतो. सहा तासांच्या हादऱ्यांनी स्नायू थकलेले असताना लगेच जड उचल केली, तर कण्याला सावरणारे कोणी उरत नाही. केबिनमधून थेट खाली उडी मारण्याची सवयही अशीच घातक आहे. चालकाच्या कामाच्या वेळेवर मर्यादा घालणारा कायदा आपल्याकडे १९६१ पासून होता. मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले. महामार्गावर रात्री चालणाऱ्या गाड्या पाहिल्या, की ते पाळले किती गेले, हे कुणालाही समजते.

पट्टा आणि प्रशिक्षण

पाठीच्या इजेवर दोन उपाय नेहमी सुचवले जातात. कमरेला पट्टा बांधा आणि नीट उचलायला शिका. दोन्हींची तपासणी झालेली आहे. अमेरिकेत एका मोठ्या विक्री साखळीच्या १६० दुकानांत माल हाताळणाऱ्या ९,३७७ कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या इजांत फरक आढळला नाही. योग्य उचलीचे प्रशिक्षण दिल्याने पाठदुखी टळते का, हेही अनेक चाचण्यांतून एकत्रितपणे तपासले गेले. नुसत्या प्रशिक्षणाने ती टळल्याचा पुरावा मिळाला नाही.

कारण उघड आहे. उल्मच्या प्रयोगात गुडघे वाकवून उचललेल्या २० किलोंनीही दाब तिप्पट केला होता. पोते ५० किलोंचे, जमीन तिथेच, हौदा छातीएवढा उंच आणि गाडी तासाभरात सोडायची, असे असेल तर कोणत्याही पद्धतीने उचलले तरी पाठ भरडलीच जाते. ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांनी म्हणूनच क्रम उलटा लावला. आधी हाताने उचलणे टाळता येते का ते पाहायचे. टाळता येत नसेल तर धोका मोजायचा आणि कमी करायचा. तिथल्या मार्गदर्शक आकड्यात पुरुषासाठी २५ किलो आणि स्त्रीसाठी १६ किलो, तेही कमरेच्या उंचीवर आणि अंगाजवळ. आज ब्रिटनमध्ये सिमेंटची नेहमीची पिशवी २५ किलोंची आहे. आपली ५० किलोंची आहे.

महाराष्ट्राचा धडा

व्यवस्था बदलता येते, हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. मुंबईच्या बंदरात आणि बाजारात ओझी वाहणारे कामगार मुख्यतः सातारा, सांगली, पुणे, कोल्हापूर या भागांतून आले होते. त्यांना मालक कोण, हेच धड सांगता येत नसे. आज या गाळ्यावर, उद्या त्या गोदामात. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. या लढ्यांतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. कामगार या कायद्याखालच्या मंडळाकडे नोंदवला जाऊ लागला. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार मिळायचे, ही रीत रुजली. मालक बदलत राहिले तरी कामगाराचा हक्क बदलणार नाही, ही त्यामागची कल्पना होती.

पोत्याच्या वजनाचा प्रश्नही याच चळवळीने लावून धरला. शंभर किलोंचे पोते पाठीवर घेणे ही एके काळी रोजची गोष्ट होती. ते ५० किलोंवर येणे हा मोठा विजय होता, आणि तो हमालांनी मिळवला. आता पुढचे पाऊल टाकायची वेळ आली आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची शिफारस केली, तेव्हा कण्याबद्दल आजच्याइतके ठाऊक नव्हते. त्या आकड्याच्या आत आहोत, म्हणून सुरक्षित आहोत, असे आज कुणी म्हणू नये.

यंत्रे आली तर पोट कसे भरणार, ही हमालांची भीती खरी आहे आणि तिचा मान ठेवायला हवा. माझ्या मते यावर मार्ग एकच आहे. सरकपट्टा, हातपॅलेट, फोर्कलिफ्ट हे चालवण्याचे काम नोंदित टोळीलाच मिळाले पाहिजे आणि मजुरी टनावर कायम राहिली पाहिजे. यंत्राने वाचवलेले श्रम कामगाराच्या पाठीला मिळावेत, त्याची रोजी त्यात जाऊ नये.

इजा कोणाच्या खात्यावर

१९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३४ होते. इजा होण्याचा संभव असेल एवढे जड ओझे कामगाराला उचलायला लावू नये, असे ते सांगत होते. पण माल चढतो-उतरतो तो बहुतेक वेळा कारखान्याच्या फाटकाबाहेर, म्हणजे गोदामात, आवारात, रस्त्याच्या कडेला. १९२३ च्या भरपाई कायद्याची दोन दारे होती. एक अपघाताचे आणि दुसरे यादीतल्या व्यावसायिक रोगांचे. हळूहळू झिजलेली पाठ अपघात म्हणून सिद्ध करणे कठीण, आणि रोगांच्या यादीत तिचे नाव नव्हते.

इतरत्र पाठीला अशा यादीत जागा मिळाली आहे. जर्मनीने १९९३ मध्ये वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने होणारे कमरेच्या चकतीचे विकार व्यावसायिक रोगांत घातले. बसून सोसलेल्या कंपांमुळे होणाऱ्या विकारांनाही त्याच वर्षी वेगळे स्थान दिले. फ्रान्सने १९९९ मध्ये तेच केले. म्हणजे हमालाची आणि ट्रकचालकाची पाठ त्या देशांत कायद्याच्या पुस्तकात स्वतंत्र ओळींवर नोंदलेली आहे. अशी नोंद झाली की भरपाई द्यावी लागते, भरपाई द्यावी लागली की इजा मोजली जाते, आणि मोजली गेली की ती टाळणे मालकाला स्वस्त वाटू लागते.

दुखणे सुरू झाल्यावर

पाठ धरली की आठवडाभर पडून राहा, असा सल्ला घरोघरी मिळतो. १९९५ मध्ये हेलसिंकीत शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढ्या हालचाली चालू ठेवणारे लवकर सुधारले. अचानक धरलेली बहुतेक पाठ काही आठवड्यांत सुटते. त्या काळात चालावे, फिरावे, पण ओझे उचलू नये. एमआरआयमध्ये 'गॅप' दिसली म्हणून घाबरून शस्त्रक्रियेकडे धावू नये. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांतही सुमारे ३७ टक्क्यांच्या चकतीत झीज दिसते.

मात्र काही लक्षणे दिसली तर एक दिवसही थांबू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतली आणि बैठकीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे, पाऊल उचलता न येणे. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते.

चालकाने दर दोनेक तासांनी खाली उतरून चार पावले चालावे. उतरताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेला ठेवावा. मुक्कामी पोचल्यावर थोडा वेळ गेल्याशिवाय मालाला हात लावू नये. हमालाने ओझे अंगाजवळ ठेवावे आणि कंबर पिळण्याऐवजी पावले वळवावीत.

पण मोठी जबाबदारी इतरांची आहे. गोदाम बांधणाऱ्याने हौद्याच्या उंचीचा धक्का बांधला, तर जमिनीपासूनची उचल संपते. सिमेंट सुटे, बल्कर ट्रकमधून गेले, तर पोतेच उरत नाही. बाजार समित्या आणि कारखान्यांनी ठरवले, तर ५० किलोंच्या जागी २५ किलोंचा कट्टा येऊ शकतो. तुम्ही व्यापारी असाल, गोदामाचे मालक असाल, सोसायटीचे पदाधिकारी असाल किंवा घर बांधत असाल, तर पुढच्या वेळी माल मागवताना वजनाबरोबर एक प्रश्न अवश्य विचारा. तो उतरवणार कोण आणि कसा? तुमच्या दारात गाडी रिकामी करणाऱ्यासाठी हातगाडी, फळी, पाणी आणि पुरेसा वेळ ठेवा. आणि त्याची पाठ धरली, तर ती त्याच्या नशिबाची नव्हे, कामाची इजा आहे असे मानून उपचाराचा खर्च उचला.